मंगळवारचे लिंबू

बाजारात लिंबांचा ढीग दिसला की ती केस मला अजून आठवते. मी उगाच दोन लिंबं हातात घेऊन उभा राहतो आणि बायको म्हणते, "चार लिंबं घ्यायला एवढा विचार?" तिला काय सांगायचे? खून पाहिले, दरोडे पाहिले, जत्रेतल्या मारामाऱ्या सोडवल्या, पण माणसांविषयी मला जे कळले ते एका साध्या रस्ता अपघाताने.

नावे लिहीत नाही. ती माणसे अजून त्याच रस्त्याने येतात-जातात.

निवृत्तीच्या आधी मी तुळजापूर तालुक्यात महामार्गावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सोलापूर-हैदराबाद रस्ता हद्दीतून जायचा. सकाळची हजेरी, गस्तीचा अहवाल, समन्स-वॉरंटची वाटणी झाली की दिवस रस्त्याच्या स्वाधीन. ट्रकमधले डिझेल चोरले, ढाब्यावर जेवणावरून डोकी फुटली, कुणाची म्हैस दुभाजकावर जाऊन बसली. अपघात म्हणजे तर रोजचे दळण. त्यामुळे त्या सोमवारी दुपारी मी डबा उघडला आणि फोन वाजला, तेव्हा मला वेगळे काही वाटले नाही. डबा झाकला आणि निघालो.

नळदुर्ग ओलांडून अणदूरकडे जाताना रस्त्याच्या कडेला एका बाईला गाडीने उडवले होते. शेतमजूर बाई, चाळिशीतली, डोक्यावर गवताचा भारा घेऊन वस्तीवर चालली होती. त्या भाऱ्यानेच ती वाचली असावी. जीव होता, शुद्ध नव्हती. तिला सोलापूरला पाठवले. मागे उरले ते पसरलेले गवत, एक विळा, एक चप्पल आणि काळ्या प्लास्टिकचे चार-दोन तुकडे. गाडी पसार. हवालदाराने दोन पंच बोलावले, मापे घेतली, मोबाईलवर फोटो काढले, पंचनामा झाला.

एक गोष्ट मी तिथेच मनात ठेवली. ब्रेकची खूण गवताच्या पुढे सुरू झाली होती, अलीकडे नाही. म्हणजे धडक आधी आणि ब्रेक नंतर. वेगात असलेला माणूस शेवटच्या क्षणी का होईना, ब्रेकवर उभा राहतो. याला बाई दिसलीच नव्हती. एक तर तो प्यायलेला, नाही तर मोबाईलमध्ये, नाही तर झोपेत.

जवळच चहाची टपरी होती. टपरीवाला विचारायच्या आधीच बोलू लागला.

"लाल गाडी हुती साहेब. फटाके फुटल्यागत धाडधाड वाजवत गेली."

"धडक पाहिलीस?"

"धडक न्हाय पाहिली. म्या स्टोव्हला हवा भरत हुतो. पर तीच असणार."

"कशावरून?"

"आवाज केवढा हुता, साहेब!"

साक्षीदारांचा माझा अनुभव असा आहे की माणूस डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त पाहतो. गुपचूप गेलेल्या दहा गाड्या कुणाच्या लक्षात राहत नाहीत. जी वाजत गेली, तिनेच सगळे केलेले असते.

संध्याकाळी ठाण्यात निनावी फोन आला. नळदुर्गजवळच्या गावात एस.टी. ड्रायव्हरचा पोरगा आहे, त्याची लाल गाडी आहे, तो रील टाकतो, त्यालाच धरा. फोन करणाऱ्याने नाव सांगितले नाही. पोराचे मात्र नाव, आडनाव, गल्ली आणि जात सगळे सांगितले.

मंगळवारी सकाळी हवालदार त्या घरी जाऊन आला. लॉटरी लागल्यासारखा चेहरा. "साहेब, चहा सांगा. केस सुटली."

"काय मिळालं?"

"गाडी ताडपत्रीखाली झाकलेली. पुढचा बंपर काढलेला. चारी टायर काढलेले. अन् धुऊन अशी चकचकीत केलीय, की तोंड बघून घ्या. आता अजून काय पायजे?"

खरे सांगायचे तर मलाही त्या घडीला तेच वाटले असते, ती ब्रेकची खूण नसती तर. गाडी जप्त करून ठाण्यात आणली. आम्ही तिची तपासणी करतोय तोवर तिकडे सगळ्या जिल्ह्याने निकाल लावून टाकला होता. आमच्याकडे एक बातमीवाला होता. एक माईक, एक मोबाईल आणि स्वतःचे चॅनल. त्याने त्या पोराच्याच पानावरचा एक व्हिडिओ उचलला. लाल गाडी वळणावर घसरत, धूर काढत चाललीय. त्यावर लाल अक्षरांत "रीलच्या नादात बाईला चिरडले!" आणि मागे हृदयाचे ठोके वाजल्यासारखे संगीत. बाई दवाखान्यात श्वास घेत होती, पण चॅनलवर ती चिरडून मोकळी झाली होती.

मग काय विचारता! दुपारपर्यंत लातूरहून माझ्या मेहुणीचा फोन. "भाऊजी, त्या मवाल्याला सोडू नका हं." वरिष्ठांचा फोन, "आरोपी अजून बाहेर कसा?" ठाण्याच्या दारात माणसे जमली. हल्लीची पोरं, बापाचा पैसा, मोबाईलचा नाद, संस्कार नाहीत. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यातल्या अर्ध्या लोकांच्या मोटारसायकलींना आरसे नव्हते.

त्या गर्दीतून एक माणूस वाट काढत आत आला. खाकी कपडे, छातीवर एस.टी.चा बिल्ला. त्याने एका हाताने पंचवीस-एक वर्षांच्या पोराचे मनगट धरले होते.

"जय भीम साहेब. घ्या ह्याला. बापानं सोता आणून दिलाय, पळून गेला म्हणू नका."

"बसा आधी."

"बसत न्हाय. एवढी वर्षं ष्टेरिंगवर काढली. मांजर आडवं आलं तरी गाडी थांबवली. बिनाअपघाताचा बिल्ला हाय माझा. पुढच्या महिन्यात रिटायर होतोय. आज डेपोत चहा पेताना पोरांनी मोबाईल दावला. म्हणले, काका, हे तुमचंच दिवटं ना?" त्यांनी पोराचे मनगट सोडले. "तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाय ह्यानं."

पोरगा एवढेच म्हणाला, "पप्पा, म्या न्हाय मारली."

बाप त्याच्याकडे बघायला तयार नव्हता. दुसऱ्या बाकड्यावर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला.

मी पोराला आत घेतले. डिप्लोमा झालेला, सोलापूरला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला. गाडी म्हणजे कुणाची तरी वापरून टाकलेली छोटी जुनी गाडी. पगार साठवत, एकेक भाग बदलत त्याने ती उभी केली होती. बापाचा पैसा म्हणणाऱ्यांनी ती गाडी जवळून पाहिलीच नव्हती.

"काल दुपारी कुठं होतास?"

"पुण्याला. ट्रेनिंगला." बोलताना नजर दाराकडे, बाप बसला होता तिकडे.

मी उठलो, दार लावले. बापासमोर पोरगा खरे बोलत नाही आणि पोरासमोर बाप, हे ठाण्यात वर्षानुवर्षे पाहिलेय. परत विचारले.

"साहेब, हैदराबादच्या पल्याड रेसचा ट्रॅक हाय. शनवारी-रविवारी तिथं हुतो. काल येताना ह्याच रस्त्यानं आलो. त्याच वक्ताला."

"मग खोटं का बोललास?"

"पप्पाला म्हाईत न्हाय. कळलं तर गाडी इकायला लावतील."

मला हसावे की त्याच्या मुस्कटात द्यावी ते कळेना. बाहेर गर्दी त्याच्या नावाने शंख करतेय, आत तुरुंगाचे दार उघडे आहे आणि या बहाद्दराला भीती गाडी विकायची.

"बंपर का काढलास?"

"ट्रॅकच्या वळणाला लाल-पांढरे उंचवटे असतेत. चाक त्यावर चढलं, खालच्या क्लिपा तुटल्या. बंपर मोडला न्हाय साहेब, घरी ठेवलाय. बघा."

"टायर?"

"दोन दिवसांत गुळगुळीत झाले. ट्रॅक टायर खातो."

"धुतली कशाला?"

"रबर उडून सगळ्या अंगाला चिकटतं. वाळलं की निघत न्हाय."

"आणि दिव्यांवर ह्या चिकटपट्टीच्या खुणा?"

"काच फुटली तर ट्रॅकवर सांडू नये म्हणून पट्टी लावावी लागती. न्हाय लावली तर आत सोडत न्हाईत."

सगळी उत्तरे तयार. इतकी तयार उत्तरे दोघेच देतात, खरे बोलणारा किंवा पाठ करून आलेला. म्हणून मी वाट बदलली. "महामार्गावर किती वेगानं होतास?"

"साठ-सत्तर."

हवालदार फिसकन हसला. "अरे, तुझा व्हिडिओ सगळ्या गावानं बघितलाय!"

पोरगा पहिल्यांदा चिडला. "तो ट्रॅकवरचा हाय! पुरता बघा की! कडेला टायरांच्या भिंती हायेत, डोक्यात हेल्मेट हाय. त्यानं कडा कापून लावलाय. तिथं समोरून कोण येत न्हाय, म्हैस न्हाय, उसाचं ट्रॅक्टर न्हाय, म्हणून तर पैसं भरून तिथं जातो. काल तर टायर गेलेले, ब्रेक घासलेले. असल्या गाडीला बैलगाडीवानी हाकत आणावं लागतं, साहेब. पळवंल तो येडा."

"रस्त्यावर कधीच पळवली नाहीस?"

तो थोडा ओशाळला. "पयल्या वर्षी पळवली. मग ट्रॅकवर गेलो. तिथल्या मास्तरानं माझ्या शेजारी बसून एकच चक्कर मारली अन् म्हणला, तुला चालवता येत नाही, आधी ब्रेक लावायला शीक. दोन दिवस नुस्ता ब्रेक लावायला लावला. त्यानंतर रस्त्यावर भ्या वाटतं. समोरच्याला ब्रेक लावता येत न्हाय, हे कळतंय ना आता."

मी त्याचा मूळ व्हिडिओ पाहिला. तो म्हणाला तसाच होता. टोलनाक्यांची माहिती मागवली. दोन नाक्यांमधला त्याचा वेळ पाहिला, तर ट्रकसुद्धा त्याला मागे टाकून गेले असावेत. हवालदाराला दाखवले. तो म्हणाला, "साहेब, हळू चालवून बी माणूस मारता येतो." बोलणे चुकीचे नव्हते. शिवाय त्या नाक्यांच्या मध्ये गावातल्या गाड्या आडरस्त्याने चढतात-उतरतात, त्यांची नोंद कुठेच नसते. म्हणजे पोराविरुद्ध पुरावा पुरेसा नाही आणि त्याच्या बाजूनेही नाही. असल्या वेळी सगळ्यांत सोपे काय, तर जो हातात आहे त्याच्यावर दोषारोप करून मोकळे व्हायचे. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण काही हवेतून आलेली नाही.

संध्याकाळी त्या बाईचा नवरा सोलापूरहून आला. गर्दीतल्या पुढाऱ्यांनी त्याला पुढे केले, "बोल, साहेबाला सांग, त्या पोराला अटक करा म्हणून." तो माणूस दमलेला होता. मला म्हणाला, "साहेब, गाडी लाल का काळी, मला देनंघेनं न्हाय. ज्यानं माझ्या बायकूला गवतात टाकून पळ काढला, तो पायजे. दुसराच धरून दिला तर मला काय त्याचं?" त्या दिवसभरात ठाण्याच्या आवारात बोलले गेलेले शहाणपणाचे वाक्य तेवढे एकच.

पोराला नोटीस देऊन घरी पाठवले, सकाळी हजर राहा म्हणून. मी फोटो घेऊन बसलो. गवत, विळा, चप्पल, प्लास्टिक. आणि एका फोटोत, गवताच्या काडीकाडीत, काहीतरी पिवळे. फोटो मोठा करून पाहिला. लिंबू. शेजारी मिरच्या. काळा दोरा.

पंचनामा काढला. चप्पल होती, विळा होता, प्लास्टिकचे तुकडे होते. लिंबू नव्हते. हवालदाराला विचारले.

"दिसलं हुतं साहेब. पण ते काय मुद्देमाल हाय व्हय? रस्त्यानं हजार पडलेली असतेत. अन् पडलेल्या लिंबाला कुणी हात लावतं का?"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आमच्या भागात शनिवारी गाडीला नवे लिंबू-मिरची बांधायची आणि जुनी रस्त्यावर टाकायची. पडलेले लिंबू ओलांडायचे नाही, तुडवायचे नाही, शिवायचे तर नाहीच. दुसऱ्याची इडापिडा आपल्या मागे लागते. माझ्या सरकारी जीपलाही ड्रायव्हर दर शनिवारी बांधायचा आणि मी कधी नको म्हटले नव्हते. पंचांनी त्या लिंबाला वळसा घालून मापे घेतली होती.

बुधवारी सकाळी हजेरी आटोपून त्याच जागी गेलो. तेच पंच बोलावले. गवत गुरांनी खाल्ले होते. रस्त्याच्या कडेला पडलेली बाटली म्हणू नका, पिशवी म्हणू नका, भंगार वेचणाऱ्यांनी सगळे नेले होते. लिंबू मात्र होते तिथेच. वाळून गेलेले, पण जागचे हलले नव्हते. मी वाकलो तसा एक पंच ओरडला, "साहेब, हात नका लावू! कुणाचा उतारा असंल!"

"असू दे. मला पेन्शन लागायची आहे, दुसरं काही लागत नाही."

उचलले. खाली लिंबू, वर मिरच्या, मध्ये बिब्बा आणि कोळशाचा खडा. आणि दोऱ्याचे वरचे टोक मोकळे नव्हते. त्याची गाठ काळ्या प्लास्टिकच्या एका पट्टीला मारलेली होती. गाडीच्या तोंडाला जी जाळी असते, तिची तुटलेली पट्टी. हे लिंबू कुणी टाकलेले नव्हते. ते गाडीच्या तोंडावरून जाळीसकट तुटून पडले होते. दोन दिवस त्या रस्त्याने शेकडो माणसे चालली, गुरे चरली, आणि आमच्या लोकांच्या भीतीने तो पुरावा जसाच्या तसा राखला होता. पंच म्हणाले, सही करतो पण हात लावणार नाही. म्हटले, नका लावू, सही तेवढी वाचता येईल अशी करा.

ठाण्यात आलो तर बाप-लेक हजर. कालच्यासारखेच दोन बाकडी, दोन दिशांना तोंडे. मी लिंबाची पिशवी टेबलावर ठेवली आणि बापाला विचारले, "तुमच्या पोराच्या गाडीला लिंबू-मिरची कोण बांधतं?"

त्यांना राग आला. "काय बोलायलाव साहेब? आमच्या घरात लिंबू फकस्त ताटात असतं. माझ्या आज्यानं छप्पन साली देव्हारा उचलून इहिरीत टाकला. म्या एस.टी.ला बी कधी बांधू दिलं न्हाय. कंडक्टर भांडायचे, तरी बांधू दिलं न्हाय. अन् माझं पोरगं..."

तिथे ते थांबले. टेबलावरच्या पिशवीकडे बघितले. मग गाठीला लटकणाऱ्या त्या काळ्या पट्टीकडे. ड्रायव्हर माणूस, जाळी ओळखायला वेळ लागला नाही. बिल्ल्यावर हात गेला, तो तसाच राहिला. आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मान वळवून पोराकडे पाहिले. पोरगा जमिनीकडे बघत होता. बाप उठला, त्याच्या बाकड्यावर जाऊन त्याच्या शेजारी बसला. माझा हवालदार एरवी एवढा बडबड्या, तोही बाहेर जाऊन उभा राहिला.

पुढचे सोपे होते. लिंबू सोमवारी तुटून पडले, तर बिनलिंबाची गाडी शनिवारपर्यंत बाहेर काढायला आमच्याकडचा भाविक माणूस धजणार नाही. नळदुर्गच्या चौकात एक बाई शनिवारी गाड्यांना लिंबू-मिरची बांधते, बाकी दिवस भाजी विकते. तिच्याकडे गेलो, साध्या कपड्यांत. म्हटले, "मावशी, या आठवड्यात शनिवार सोडून कुणी बांधून घेतलं का?"

"बाई गं! पोलिसांनी बी आता लिंबाचा हिशोब ठिवला का काय?" तिने मला ओळखले होते. "एकच आलते. खताच्या दुकानाचे शेठ, मंगळवारी. म्या म्हणलं, शेठ, आज कुठला शनवार? म्हणले, पडलं कुठंतरी, दे की दुसरं. गाडी बी न्हवती संगं. हातातच घेऊन गेले."

गाडी नाही आणि लिंबू हातात. मला तिथेच कळले.

शेठ म्हणजे पन्नाशी उलटलेला गृहस्थ. शाळेच्या कमिटीवर, वर्गणीत पहिला, पांढरी गाडी. त्यांनी गाडी जोरात चालवली असे कुणी कधी म्हणणार नाही. दुकानात गेलो. गिऱ्हाईक गेल्यावर लिंबाची पिशवी गल्ल्यावर ठेवली.

"या साहेब, चहा..." म्हणता म्हणता ते खाली बसले.

"गाडी कुठाय?"

"सोलापूरला. पत्रा ठोकायला." मग चेहरा ओंजळीत घेतला. "डोळा लागला हो साहेब. पाहुण्याच्या घरी जेवलो, पुरणाची पोळी, वर ऊन. एक डुलकी. जाग आली ती आवाजानंच."

"थांबला का नाहीत?"

"थांबलो की. आरशात बघितलं. टपरीवरून माणसं पळत आली. म्हणलं, हायेत माणसं... पाय लटलट कापायले. गाडी पुढं गेली ती गेलीच."

"आणि दुसऱ्या दिवशी? तेव्हा पाय कापत नव्हते ना?"

ते पुढे जे बोलले, ते मी जन्मात विसरणार नाही. "मंगळवारी येणारच हुतो तुमच्याकडं. आईची आण. टोपी घालून निघालो बी हुतो. तेवढ्यात ह्या मोबाईलवर त्या पोराचं आलं. सगळे त्यालाच म्हणायलेत. म्हणलं, देवानंच वाट काढली." खाली बघत पुढे म्हणाले, "म्या बी पाठवला तो व्हिडिओ. चार जणांना."

मला त्या माणसाचा संताप आला आणि त्याची कीवही आली. पण तो निघाला होता यावर माझा विश्वास बसला. एवढ्या वर्षांत खरे-खोटे थोडेफार कळते. आमच्या बातमीवाल्याने एका पोराला गुन्हेगार केले, एवढेच त्याचे पाप नव्हते. कबुली द्यायला निघालेल्या माणसाला त्याने अर्ध्या वाटेवरून घरी पाठवले.

सोलापूरच्या गॅरेजात पांढऱ्या गाडीची जाळी मिळाली. ती पट्टी त्या खाचेत तुटलेल्या कपाचा कान बसावा तशी बसली. निष्काळजीपणाचे आणि जखमीला टाकून पळाल्याचे कलम लागले. दोषारोपपत्र गेले, शेठनी कोर्टात गुन्हा कबूल केला. बाई वाचली. एका पायाने लंगडते, पण वाचली.

बातमीवाला आला, माईक पुढे केला. म्हटले, "कॅमेरा चालू कर. आधी त्या पोराचं नाव घेऊन सांग की त्यानं काही केलं नव्हतं. त्याच लाल अक्षरांत."

"सांगतो की साहेब. पण खरं सांगू का? कुणी बघणार न्हाय. पन्नाशीचा माणूस, पांढरी गाडी, डुलकी. ह्यात बघण्यासारखं काय हाय?"

त्याने बातमी दिली. अर्ध्या मिनिटाची, संगीताशिवाय. जुना व्हिडिओ काढला म्हणाला, पण तोवर तो हजार मोबाईलमध्ये जाऊन बसला होता.

गाडी परत न्यायला बाप-लेक आले, तेव्हा कागदावर सही करून वडील गाडीभोवती एक फेरी मारून आले. चाकापाशी बसून ब्रेक पाहिले. पोराला म्हणाले, "पॅड नवे टाक. मग काय ते ट्रॅक-फ्रॅक." विकायची गोष्ट निघाली नाही.

मी निवृत्त झालो. मागच्या उन्हाळ्यात तुळजापूरला एका लग्नाला जायचे होते, म्हणून नळदुर्गजवळच्या ढाब्यावर चहा घेत एस.टी.ची वाट बघत होतो. दुरून तो धाडधाड आवाज आला. लाल गाडी, दिव्यांना निळी पट्टी. पोरगा चालवत होता आणि शेजारी वडील, मांडीवर जेवणाचा डबा. ढाब्यासमोर पाणी भरायला थांबले.

टेबल पुसणारा ढाबेवाला माझ्या कानाशी लागला. "हीच ती गाडी, साहेब. बाईला उडवलेली. पोलिसांनी पैसं खाऊन सोडून दिली."

"तपास मीच केला होता. तो पोरगा नव्हता. दुसरा सापडला, त्याला शिक्षाही झाली."

त्याने माझ्याकडे बघितले. फडके खांद्यावर टाकले. "असंल साहेब. पण चॅनलवर दाखवलं हुतं की."

माझे डोके फिरले. पण कुणाला झापणार? मी उठलो, सगळ्या ढाब्याला ऐकू जाईल अशा आवाजात गाडीला हाक मारली, "अहो, मला तुळजापूरला सोडता का?"

पोरगा ओळखून खाली उतरला, पाया पडला. मग डोके खाजवत म्हणाला, "साहेब, ट्रॅकवरून आलोय, टायर गेलेत. एस.टी.नं गेलात तर लौकर पोचाल. अन् मागं सीट बी न्हाय, काढलीय."

वडिलांनी ढाब्याकडे एकदा नजर टाकली. टेबलांवरची सगळी माणसे आमच्याकडेच बघत होती. त्यांनी दार उघडले, डबा घेऊन खाली उतरले आणि मला म्हणाले, "तुमी बसा साहेब. म्या एस.टी.नं येतो. लोकांना तुमाला ह्या गाडीत बसलेलं बघू द्या."

मी बसलो. पोराने शर्यतीच्या गाडीत असतो तो चार फाट्यांचा सीटबेल्ट माझ्या पोटावरून ओढून बांधला, आरसे पाहिले आणि गाडी रस्त्यावर घेतली. आरोपी कोण ते मी शोधू शकलो, पण माणसाचे नाव त्याला परत करणे पोलिसाच्या हातात नसते, हे मला त्या गाडीत बसून कळले. ते कोर्टाचा शिक्काही करत नाही. ते असेच करावे लागते, एकेका ढाब्यासमोर, चारचौघांत शेजारी बसून.

साठच्या वर काटा गेला नाही. तुळजापूरच्या अलीकडे मागून एका एस.टी.ने हॉर्न दिला आणि आम्हाला मागे टाकून निघून गेली. खिडकीत त्याचे वडील बसले होते.